फिलाडेल्फियाचा केबलवाला: जेरी लेनफेस्ट

स्कूकलकाठी

दक्षिण फिलाडेल्फियात आयकियाच्या पार्किंगमध्ये कपाटाचे खोके गाडीत कोंबताना समोर नदीत एक अजस्र गंजकं जहाज दिसायचं. लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाची दोन धुराडी, सगळीकडे पोपडे निघालेले. भारतातून पाहुणे आले की लिबर्टी बेल पाहून झाल्यावर 'हे काय आहे?' हा प्रश्न ठरलेला. ते होतं एसएस युनायटेड स्टेट्स. १९५२ च्या पहिल्याच सफरीत साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून विक्रम केलेलं जहाज. १९९६ पासून इथल्या धक्क्याला बांधून ठेवलेलं. २०१० मध्ये ते भंगारात जायच्या बेतात होतं. तेव्हा ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी ५८ लाख डॉलर देऊ केले म्हणून ते वाचलं. त्यांचे वडील जहाजबांधणीतले, याच जहाजाच्या पाणबंद दरवाजांच्या कामात त्यांचा हात होता. कारण एवढंच!

त्या गृहस्थांचं नाव जेरी लेनफेस्ट. पुढे हेच नाव मला गावभर भेटत राहिलं. कर्टिस संगीत विद्यालयाच्या वसतिगृहावर, कला अकादमीसमोरच्या चौकात, अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात, आणि रोज सकाळी वाचतो त्या 'इन्क्वायरर' या इथल्या वर्तमानपत्राच्या मालकीच्या तपशिलात. शेवटी बसून वाचून काढलं. माणूस केबलवाला निघाला, म्हणून हा धागा.

जन्म १९३० चा, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. आई लहानपणीच गेली. पोरगं काहीसं वाया गेल्यातच जमा होतं, मर्सर्सबर्ग नावाच्या निवासी शाळेने वळणावर आणलं. या शाळेला ते पुढे आयुष्यभर देत राहिले. मग वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठ, नौदल, कोलंबियातून १९५८ ला कायद्याची पदवी आणि न्यूयॉर्कच्या एका बड्या पेढीत वकिली. १९६५ मध्ये वॉल्टर ॲननबर्ग यांच्या ट्रँगल पब्लिकेशन्समध्ये वकील म्हणून लागले. ट्रँगल म्हणजे 'टीव्ही गाइड', मुलींचं 'सेव्हन्टीन' मासिक, त्या काळी 'इन्क्वायरर' आणि शिवाय काही केबल कंपन्या. काही वर्षांत 'सेव्हन्टीन' आणि केबल ही दोन्ही खाती लेनफेस्टकडे आली.

१९७४ मध्ये ॲननबर्गना छोट्या केबल कंपन्या विकायच्या होत्या. लेनफेस्टनी दोन गुंतवणूकदार गाठले, बँकेचं कर्ज काढलं आणि आपल्याच मालकाकडून दोन कंपन्या विकत घेतल्या. किंमत २३ लाख डॉलर, ग्राहक ७,६००. त्यातली एक लेबनन नावाच्या गावची. हे लेबनन पेनसिल्व्हेनियातलं, शेतीवाडीच्या मुलखातलं.

केबलचा धंदा मुळात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांनीच जन्माला घातला असं म्हटलं तरी चालेल. कोळशाच्या खाणींची गावं दरीत आणि टीव्हीचे मनोरे फिलाडेल्फियात. मध्ये डोंगर, त्यामुळे खाली चित्रच येईना. लॅन्सफर्ड गावात १९५० साली रेडिओ दुकानदारांनी मिळून डोंगरमाथ्यावर अँटेना उभा केला आणि तिथून घराघरांत तार ओढली. टीव्ही संच खपावेत एवढाच हेतू! त्यांना अँप्लिफायर पुरवणारी कंपनी जेरोल्ड. तिचा मालक मिल्टन शॅप पुढे या राज्याचा गव्हर्नर झाला. एचबीओ हे जादा पैसे भरून पाहायचं चॅनल सुरू झालं तेही १९७२ मध्ये याच राज्यात, विल्क्स-बॅरीत, ३६५ ग्राहकांवर. १९७५ मध्ये ते उपग्रहावर गेलं आणि 'डोंगराआडच्यांना टीव्ही' हा धंदा 'सगळ्यांना जास्तीचे चॅनल' असा झाला. लेनफेस्ट त्याच्या बरोबर एक वर्ष आधी आत शिरले होते. याला दूरदृष्टी म्हणा नाहीतर नशीब.

पुढची पंचवीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट केली. फिलाडेल्फियाच्या भोवतालची गावं एकेक करून घेत गेले. टेक्सासमध्ये एक, ओरेगनमध्ये एक असा पसारा मांडला नाही, एकमेकांना लागून असलेली गावंच धरली. अर्धी भागीदारी जॉन मलोनच्या टीसीआय या बड्या केबल कंपनीकडे होती, ती पुढे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडे गेली. जानेवारी २००० मध्ये सगळं कॉमकास्ट या दुसऱ्या केबल कंपनीला विकलं. कर्ज धरून सौदा सुमारे ७ अब्ज डॉलरचा, त्यात खुद्द लेनफेस्टच्या वाट्याला एक अब्जाच्या वर. त्याच वर्षी फाउंडेशन काढलं, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये वारेपर्यंत पत्नी मार्गरीट आणि त्यांनी मिळून १.३ अब्ज डॉलरहून जास्त वाटून टाकले. घेणाऱ्या संस्था अकराशेच्या घरात.

मला यात दोन गोष्टी कुरतडतात. एक, माणसाने जवळजवळ सगळं एकाच शहरात आणि त्याच्या आसपास ओतलं. दुसरी, वर्तमानपत्राचं जे केलं ते. पण आधी तुम्ही बोला.

बूस्टर

राव, उशिरा वाचला धागा, पण आमच्या धंद्याचा विषय म्हणून लॉगिन केलं. १९९३ ला सोलापुरात डिश लावली होती. गच्चीवर कंट्रोल रूम, दर दीडदोनशे मीटरला अँप्लिफायर, पावसाळ्यात वीज कडाडली की आधी स्वतःच्या खिशाला हात लावायचा.

आमच्यात नेटवर्क विकताना भाव पॉइंटवर, म्हणजे घरटी जोडणीवर ठरतो. किती पॉइंट, पॉइंटला किती. तोच हिशोब इथे लावला. १९७४ ला २३ लाख भागिले ७,६००, म्हणजे पॉइंटला ३०२ डॉलर. २००० साली ग्राहक बारा-तेरा लाख धरले तर ७ अब्जाचे पॉइंटला पाच हजारांच्या वर पडतात. महागाई वगैरे वजा केली तरी तोंडात बोट घालायची वेळ.

आणि लागून असलेली गावं घ्यायची हे ज्याला कळलं तो खरा केबलवाला. तार तीच, माणसं तीच, एक गाडी दिवसात चार तक्रारी उरकते. लांबचे शंभर पॉइंट म्हणजे डिझेल जाळायचं काम. दुसरं म्हणजे विकतानाही तुमचा पट्टा सलग असला तर घेणारा झक मारत येतो, कारण त्याला मध्ये भोक नको असतं. कॉमकास्टचं मुख्य ऑफिस फिलाडेल्फियातच ना? मग त्यांच्या अंगणाभोवतीच याचं कुंपण! ते येणारच होते.

फक्त एक सांगा. २३ लाखांतले त्याच्या स्वतःच्या खिशातले किती?

स्कूकलकाठी

@बूस्टर, थोडेच. पगारदार माणूस होता, बरेचसे दुसऱ्यांचे आणि बँकेचे. पॉइंटच्या हिशोबाबद्दल धन्यवाद, हे मला सुचलंच नसतं.

आणि हो, कॉमकास्ट इथलंच. राल्फ रॉबर्ट्सनी १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलो गावात १,२०० ग्राहकांवर सुरुवात केली होती. म्हणजे दोघंही किराणा दुकानाच्या मापानेच सुरू झालेले.

शंकेखोर

सगळे इतके भारावलेत म्हणून मीठ टाकतो.

हे पॉइंटला पाच हजार आले कुठून? अमेरिकेत नगरपालिका केबलचा परवाना देते आणि बहुतेक गावांत तो एकाच कंपनीला मिळायचा. दुसरा केबलवालाच नाही. १९८४ च्या केबल कायद्याने दरांवरचं नियंत्रण जवळपास उठवलं, मग दर असे चढले की १९९२ मध्ये संसदेला परत लगाम घालावा लागला. थोरल्या बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता, तो धुडकावून कायदा झाला. त्यांच्या सबंध कारकिर्दीत संसदेने उलथवलेला तो एकमेव नकाराधिकार, म्हणजे लोक केबलवाल्यांवर किती चिडलेले असतील बघा.

तेव्हा लेबननच्या म्हातारीने दर महिन्याला दोन-चार डॉलर जास्तीचे भरले, त्यातून फिलाडेल्फियात संगीत विद्यालयाचं वसतिगृह उभं राहिलं. वर देणगीला करसवलत. आणि प्रत्येक इमारतीवर नावाची पाटी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय?

स्कूकलकाठी

म्हण अगदी चपखल बसली, हसलो. मक्तेदारीचा मुद्दाही खराच आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण तोच पैसा त्याच काळात त्याच मार्गाने बाकीच्यांनीही कमावला. त्यांच्या बोटी झाल्या, बेटं झाली. हा माणूस विकल्यानंतर अठरा वर्षांत बहुतेक सगळं देऊन मोकळा झाला. वर फाउंडेशनही कायमचं ठेवायचं नाही, आपल्यामागे ठरावीक वर्षांत पैसे संपवून कुलूप लावायचं असं बजावून गेला. पिढ्यान्पिढ्या विश्वस्त म्हणून नातवंडांना बसवायची सोय त्यात नाही. आणि लेबननच्या म्हातारीचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यांतल्या हुशार मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती हे त्यांचं एक मोठं कलम होतं. तिचा नातू त्यात बसला असेल तर फिट्टंफाट.

तिरका डोळा

केबल आणि दान म्हटलं की मला सीएनएनवाला टेड टर्नरच आठवतो. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये उठून संयुक्त राष्ट्रांना एक अब्ज डॉलर जाहीर केले. दहा वर्षांत द्यायचे होते. याची संपत्ती टाइम वॉर्नरच्या शेअरमध्ये. पुढे इंटरनेटवाल्या एओएलचं आणि टाइम वॉर्नरचं लग्न लागलं, शेअर गडगडले, याची बहुतेक संपत्ती डोळ्यांदेखत वितळली. मुदत वाढवून घेतली, पण कबूल केलेला शेवटचा पैसा फेडला. दान करण्यातही नियत लागते ती अशी.

गंमत बघा, एओएलचा तो सौदा जाहीर झाला जानेवारी २००० मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात लेनफेस्ट सुटला त्याच महिन्यात टर्नर अडकला.

बूस्टर

सुटला म्हणजे रोख घेतली का त्याने?

तिरका डोळा

नाही, कॉमकास्टचे शेअर घेतले आणि वर आपलं कर्ज कॉमकास्टच्या गळ्यात. म्हणजे कागदच दोघांच्याही हाती. फरक कागदावर नाव कुणाचं होतं एवढाच.

रात्रपाळी

वर्तमानपत्राचा विषय मूळ धाग्यात लटकवून ठेवलाय, तो मी उचलतो. पंचवीस वर्षं डेस्कवर काढली आहेत, मराठीत, नाव सांगत नाही.

'इन्क्वायरर' १८२९ चा पेपर. १९३६ मध्ये तो मोझेस ॲननबर्गने घेतला. हा वॉल्टरचा बाप. पुढे करबुडवेगिरीत तुरुंगात गेला. वॉल्टरने १९६९ मध्ये पेपर नाइट या वृत्तपत्र कंपनीला विकून टाकला. त्यानंतरचे आकडे नुसते ओळीने वाचा. २००६ मध्ये स्थानिक मंडळींनी 'डेली न्यूज' या जोडीच्या पेपरसह घेतला तो ५६ कोटी २० लाख डॉलरला. २००९ मध्ये दिवाळं. २०१० मध्ये कर्ज देणाऱ्यांनीच लिलावात १३ कोटी ९० लाखांना उचलला. २०१२ मध्ये साडेपाच कोटी. सहा वर्षांत एक दशांश! आमच्या धंद्याची प्रेतयात्रा बघायची असेल तर हीच बघावी.

२०१२ च्या मालकांमध्ये लेनफेस्ट होते. मालक आपसात भांडले, कोर्टात गेले. मे २०१४ मध्ये मालकांमालकांतच लिलाव झाला आणि लेनफेस्ट व लुईस कॅट्झ यांनी ८ कोटी ८० लाखांची बोली लावून जिंकला. चौथ्या दिवशी कॅट्झ मॅसॅच्युसेट्समध्ये विमान अपघातात गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे लेनफेस्ट एकटे उरले. कॅट्झ कुटुंबाचा वाटा त्यांनी घेतला.

म्हणजे १९६५ साली ज्या कंपनीत नोकर म्हणून आले, तिच्याच जुन्या पेपरचे पन्नास वर्षांनी ते धनी झाले. आणि धनी झाल्यावर दीड-दोन वर्षांत, जानेवारी २०१६ मध्ये, पेपर दान करून टाकला. फिलाडेल्फिया फाउंडेशनच्या छत्राखाली एक संस्था काढली, तिला वर २ कोटी डॉलर दिले, पेपरची कंपनी लोकहिताच्या कायद्याखाली नोंदवली आणि संपादकीय कारभार कुणाच्या हाताला लागणार नाही अशी रचना केली. आज त्या संस्थेला लेनफेस्ट इन्स्टिट्यूट म्हणतात.

बारकावा लक्षात घ्या. पेपर धर्मादाय झाला नाही. त्याने स्वतःचं पोट स्वतःच भरायचं. संस्था शोधपत्रकारितेला, नव्या प्रयोगांना पैसे देते, पण कागद-शाईचा रोजचा तोटा कोणी भरत बसत नाही. त्यामुळे कपात थांबली नाही, छापखानाही गेला. माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो असा, की मालक चांगला मिळाला तरी वाचक पैसे देत नसेल तर काय?

आपल्याकडे केसरीच्या मागे ट्रस्ट आहे, चंदीगडच्या ट्रिब्यूनच्या मागे तर दयालसिंग मजिठियांच्या काळापासून आहे. ट्रस्ट असला म्हणजे पेपर धाडसी होतोच असं नाही. पण मालकाचा जावई संपादक होत नाही, हेही नसे थोडके.

स्कूकलकाठी

@रात्रपाळी, उत्तम. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि इतकं नेटकं जमलं नसतं. छापखाना गेला तो आमच्याच बाजूचा, २०२१ मध्ये. पाचेकशे माणसांची नोकरी. हायवेवरून जाताना रोज दिसायचा.

त्यांच्या सगळ्या देणग्यांत मला हीच मोठी वाटते. वसतिगृह दिलं की तुमचं नाव राहतं आणि वसतिगृह तुम्हाला कधी शिव्या घालत नाही. पेपर घालू शकतो. तो हातात असताना सोडून देणं सोपं नव्हतं, शहरातले किती जण टपलेले होते.

सोनकी

मी दोन वर्षं फिलाडेल्फियात शिकायला होते. एका देणगीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. बार्न्स.

डॉ. अल्बर्ट बार्न्स औषधावर गब्बर झालेला, चित्रांचा पिसाट संग्राहक. रन्वारची १८१, सेझानची ६९, मातिसची ५९ चित्रं. ती शहराबाहेर मेरियन नावाच्या उपनगरात स्वतःच्या वास्तूत, स्वतःच्या पद्धतीने लावलेली. चित्राशेजारी बिजागरी, कुलपं, खेडवळ लोखंडी कलाकुसर. शहरातल्या उच्चभ्रूंचा त्याला मनस्वी तिटकारा. दस्तात लिहून ठेवलं की एकही चित्र हलवायचं नाही. १९५१ मध्ये तो मोटार अपघातात गेला.

पुढे संस्था कर्जात बुडाली. तेव्हा प्यू, ॲननबर्ग आणि लेनफेस्ट या तीन फाउंडेशननी सांगितलं की आम्ही १५ कोटी डॉलर उभे करायला मदत करतो, पण संग्रह शहरात आणा. २००४ मध्ये कोर्टाने परवानगी दिली, २०१२ मध्ये शहरातल्या पार्कवे या हमरस्त्यावर नवी इमारत उघडली. ज्यांचं तोंड त्याला बघायचं नव्हतं त्यांच्याच दारात त्याची चित्रं आली!

मी नव्या इमारतीत पाच-सहा वेळा गेले. भिंती जुन्याच मापाच्या, चित्रं जुन्याच क्रमाने, बिजागऱ्याही तिथल्या तिथे. बसने दोन डॉलरांत पोचायचे. मेरियनला असतं तर गाडी नसलेली मी एकदा तरी गेले असते का? नाही. तरी तिथे उभं राहिलं की चोरीचा माल बघतोय असंही वाटायचं. दोन्ही खरं.

शंकेखोर

घ्या! मी मघापासून हेच म्हणतोय. मेलेल्या माणसाची इच्छा जिवंत माणसाच्या चेकबुकापुढे टिकत नाही. उद्या लेनफेस्टच्या इच्छेचंही हेच होईल. ते जहाज कुठे आहे सध्या?

स्कूकलकाठी

बोललात खरं. धक्क्याच्या भाड्यावरून वाद झाला, कोर्टाने जागा सोडायला लावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टगबोटींनी ओढून अलाबामाला नेलं. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायचा बेत. निघालं त्या दिवशी थंडी मरणाची होती, तरी नदीच्या दोन्ही काठांवर गर्दी. मीही ऑफिसला दांडी मारून गेलो होतो. इतकी वर्षं ज्याला 'ते भंगार' म्हणत होतो ते पुलाखालून सरकताना घशाशी आलं.

पण तुम्हाला एक गंमत सांगतो. २००४ पासून लेनफेस्टच्या पैशावर सागरी संशोधनाचा एक कार्यक्रम चालतो. त्यांच्या कृती दलाने २०१२ मध्ये अहवाल दिला तो बारक्या माशांवर, म्हणजे तारली वगैरे ज्यांना आपण गरिबाघरचे मासे म्हणतो त्यांच्यावर. मोठे मासे आणि पक्षी त्यांच्यावरच जगतात, तेव्हा ते समुद्रात जास्त शिल्लक ठेवा, असं सांगणारा. जहाज शेवटी माशांनाच जाणार, तर म्हाताऱ्याने फार वाईट वाटून घेतलं नसतं.

बार्न्सबद्दल मात्र माझं मत तुमच्या बाजूने झुकतं. चित्रं वाचली, लोकांनी पाहिली, सगळं मान्य. पण ज्याने 'माझ्यानंतर फाउंडेशन बंद करा' असं लिहून ठेवलं, त्याने दुसऱ्याचं लिहून ठेवलेलं मोडायला हातभार लावावा?

रात्रपाळी

कदाचित ते मोडलं म्हणूनच त्याला कळलं असेल, की कायमचं काही लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

बरं, स्कूकलकाठी, एक खाजगी प्रश्न जाहीरपणे. 'इन्क्वायरर' पैसे भरून वाचता का?

स्कूकलकाठी

पकडलं. रविवारचा कागदी अंक येतो आमच्याकडे, पैसे भरून. खरं सांगायचं तर कूपनं कापायला. बाकीचे सहा दिवस फुकटची युक्ती शोधत बसायचो. हा धागा काढल्यावर लाज वाटून वर्गणी भरली.

सोनकी

@बूस्टर, तुम्ही विकलंत का शेवटी नेटवर्क? पॉइंटला काय मिळालं?

बूस्टर

विकलं ना. २०१३ ला सेट टॉप बॉक्स आले, तोवर वहीत चारशे पॉइंट दाखवायचे आणि खांबावर नऊशे चालवायचे असा सगळ्यांचाच कारभार होता. बॉक्स आल्यावर लपवायला जागा उरली नाही. वरच्या कंपनीला देऊन मोकळा झालो. भाव विचारू नका, लेनफेस्टच्या १९७४ च्या भावाच्याही पासंगाला पुरत नाही. जुनी काळी तार अजून गल्लीत आहे, बायका कपडे वाळत घालतात.

शंकेखोर पाट्यांबद्दल बोलले म्हणून सांगतो. विकल्यावर माझ्या शाळेला आठ पंखे दिले. मी म्हटलं, नाव घालू नका. मुख्याध्यापक म्हणाले, नाव घाला हो, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कोण देणार? मग रंगाऱ्याने पात्यांवर लिहिलं. तीन पाती, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पंखा चालू असला की काही वाचता येत नाही.